डिंकाच्या गावात तारेचे दात

दीड वर्ष माझ्या तोंडात तार राहणार होती आणि आमच्या गावात कुणाला त्याचा वाससुद्धा लागणार नव्हता. दवाखान्यातून घरी येताना गाडीतच मी हे नवऱ्याला ठणकावून सांगितलं. म्हणजे, ठणकावून सांगायला गेले. तोंडातून जे निघालं त्याने समोरची काच ओली झाली.

सिदेरिसने वायपर सुरू केला.

"बाहेर पाऊस नाहीये," मी म्हणाले. "आतून आहे ते."

त्याने रुमाल काढून आधी काच पुसली, मग स्वतःचा चष्मा. चार वर्षांच्या संसारात तो एवढं मात्र शिकलाय, की मी योजना सांगत असताना हसायचं नाही.

योजना पक्की होती. आमची पोलिक्सेनी झाल्यापासून माझे खालचे पुढचे चार दात हळूहळू एकमेकांच्या खांद्यावर चढायला लागले होते, मिरवणूक बघायला लोक चढतात तसे. मी त्यावर बरंच वाचलं. मी सगळ्यावरच बरंच वाचते. पोलिक्सेनीला पहिली शिंक आली तेव्हा मी दोन दिवस शिंकेवर वाचत होते. वाचनातून असं निष्पन्न झालं, की मी पन्नाशीत बोळकी होणार आणि लेकीच्या लग्नात मला कुणीतरी चमच्याने सूप भरवणार. मग मी खोरा शहरातल्या डॉक्टर क्लिअँथिसांना गाठलं. त्यांनी वरच्या-खालच्या दोन्ही दातांच्या मागून, जिभेच्या बाजूने तार बसवायचा उपाय सांगितला. समोरून काही म्हणजे काही दिसत नाही. अगदी मला हवा तसा.

आता तुम्ही विचाराल, लपवायचं काय एवढं? चोरी केली होती का? तर ऐका. आमचं गाव खिओस बेटाच्या दक्षिण टोकाला, मस्तिहाच्या झाडांच्या मधोमध. झाडाच्या सालीला बारीक चिरा पाडायच्या, त्यातून डिंकाचे थेंब ओघळतात, ते वाळवायचे, वेचायचे, साफ करायचे आणि विकायचे. गावातली प्रत्येक चूल त्या थेंबांवर पेटते. लहान मुलाला दात आले रे आले की त्याच्या तोंडात हा डिंक चघळायला जातो, आणि गावाची श्रद्धा अशी की एकदा डिंक चघळला की त्या माणसाच्या दातांना आयुष्यभर काही होत नाही. वाकडे दात, किडके दात, हलणारे दात हे सगळे शहरी लोकांचे आजार. गावातल्या बायकांच्या सहकारी संस्थेच्या पाकिटावर तर छापलेलंच आहे: 'आमच्या गावात दातांचा दवाखाना नाही.' हे खरंच आहे. आमच्या गावात बँक नाही, पेट्रोल पंप नाही आणि शुक्रवारनंतर मासळीही नाही, पण पाकिटावर फक्त दवाखान्याचं छापलंय.

त्या संस्थेच्या अध्यक्ष कोण? माझ्या सासूबाई, दियामान्तो.

आणि मी खोराची. चाळीस मिनिटांच्या रस्त्यावरची, पण गावाच्या हिशेबाने दुसऱ्या देशातली. चार वर्षं झाली तरी मी 'सिदेरिसची बायको, ती शहरातली.' बेकरीवाला पाव देताना विचारायचा, "तुमच्याकडे शहरात कसा खातात?" मला 'आमची मिर्सिनी' व्हायचं होतं. हसू नका. माझ्यासाठी नाही हो, पोलिक्सेनीसाठी. सव्वादोन वर्षांची पोर. उद्या शाळेत कुणी तिला 'शहरातलीची पोर' म्हणून बाकाच्या टोकाला बसवलं तर? मी त्यावरही वाचलं होतं.

डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "चिकट काही खायचं नाही. टॉफी नाही, च्युइंगम नाही, मस्तिहा तर अजिबात नाही."

"डॉक्टर, मी मस्तिहाच्या गावात राहते."

"राहा ना. चघळू नका."

पहिल्या दिवशी सासूबाईंनी खालच्या मजल्यावरून रानभाजी पाठवली, उकडलेली, वर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. मी नेहमीप्रमाणे तोंड भरून घास घेतला. भाजी आत गेली आणि तिथेच राहिली. प्रत्येक पान तारेवर व्यवस्थित वाळत पडलं. तोंडात गच्चीवर कपडे टाकल्यासारखं झालं होतं. आणि जीभ? ती बिचारी पहिल्यांदा सासरी आलेल्या सुनेसारखी, जिथे वळेल तिथे आपटत होती. सकाळपर्यंत तिला तीन ठिकाणी फोड. 'स' म्हणायला जावं तर समोरच्याला छत्री लागावी. 'र' तर मी तात्पुरता सोडूनच दिला.

"तीन आठवड्यांत सवय होईल म्हणालेत," सिदेरिस म्हणाला.

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत गप्प बस."

संसारात नवऱ्याचा सल्ला ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

जानेवारी म्हणजे डिंक साफ करायचे दिवस. रोज दुपारी गावातल्या दहा-अकरा बायका आमच्या तळमजल्यावर लांब टेबलाभोवती बसतात. प्रत्येकीसमोर थेंबांचा ढीग, हातात बारीक टोकाची सुरी. थेंब उचलायचा, दिव्याकडे धरायचा, त्याला चिकटलेली माती, पान, मुंगी टोकाने उडवायची आणि प्रतीप्रमाणे टाकायचा: पहिली, दुसरी, भुगा. हात चालतात तितकीच तोंडं चालतात. गेली तीन वर्षं तिथे माझी अडचण अशी, की मला बोलायची फार हौस. कुणी म्हणालं गुडघा दुखतो, की मी गुडघ्यावर वाचलेलं सगळं सांगायचे.

या वर्षी मी ओठ मिटून बसले. घसा बसलाय, अशी खूण केली. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कल्लिरोई मावशींनी, वय एक्याऐंशी, जीभ वय अठरा, मला त्यांच्या भाच्याच्या घटस्फोटाची अख्खी कहाणी सांगितली. मी नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी माझ्याशेजारी जागा धरायला लवकर आल्या.

"पोर शहाणी झाली हो," मावशी सासूबाईंना म्हणाल्या. माझ्या समोरच, कारण मी उलट बोलणार नव्हते. "पूर्वी कशी, रेडिओ. बटण सापडत नव्हतं."

"माझ्या हाताखाली चार वर्षं काढली तिने," सासूबाई म्हणाल्या. "फरक पडणारच."

आठवड्याभरात मी गावातली सगळ्यात विचारी बाई झाले. बेकरीवाल्याने शहराचा विषय काढणं सोडलं. मला कळेना की मी शिकले कशाला एवढी. तोंड मिटण्याचा कोर्स असता तर तोच केला असता.

आणि मग सासूबाईंनी टेबलावर सुरी आपटून जाहीर केलं, की अथेन्सहून टीव्हीवाले येताहेत. गावातल्या डिंकावर आणि दातांवर कार्यक्रम. आठ महिने त्या पत्रं पाठवत होत्या, ते अखेर फळाला आलं.

"गावातर्फे बोलायचं कुणी?"

"तूच बोल," कल्लिरोई मावशी म्हणाल्या.

"मी बोलले तर लोकांना वाटेल, विकायला बसलीये. कुणीतरी तरुण पाहिजे. शिकलेली. आणि दात दाखवण्यासारखे पाहिजेत, मावशी, तुम्ही हात खाली करा." सासूबाईंनी टेबलावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "आमची मिर्सिनी बोलेल. मोजकं बोलते. विचार करून बोलते."

आमची मिर्सिनी! चार वर्षं ज्या दोन शब्दांची वाट बघितली, ते आले ते असे. मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, कारणात किमान चार 'स' येतात, आणि समोर अकरा बायका चष्मे लावून बसलेल्या. मी मान डोलावली.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "एक शब्द वाया घालवत नाही."

त्यानंतर आठ दिवस मी वरच्या खोलीत दार लावून भाषण घोकत होते. "खिओस बेटाच्या मस्तिहाने आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे दात सांभाळले." हे वाक्य तारेवरून जाताना पहिल्या दिवशी उशी भिजली. चौथ्या दिवशी फक्त हनुवटी. सहाव्या दिवशी सिदेरिस म्हणाला, "आता माणूस बोलतंय हे तरी कळतं." मला हुरूप आला.

तेवढ्यात पोलिक्सेनी बोलायला लागली. म्हणजे ती आधीही बोलायची, मी वहीत लिहून ठेवले होते, एकशे बारा शब्द. पण आता ती सगळे एकशे बारा माझ्यासारखे बोलायला लागली. जीभ दातांना टेकवून, ओठ ओले करून, प्रत्येक शब्दाला फवारा. वर माझा तार घासायचा बारीक ब्रश घेऊन बाहुलीचे दात मागच्या बाजूने घासायची. मी तडक डॉक्टरांना फोन लावला.

"लेकीचं बोलणं कायमचं असं राहील का?"

"तिच्या तोंडात तार आहे का?"

"नाही."

"मग आई नीट बोलायला लागली की तीही लागेल. तुम्ही झोपता का नीट, बाई?"

खाली सासूबाईंच्याही लक्षात आलंच. "हिची जीभ जड झालीये," त्या म्हणाल्या, पोरीवर तीनदा थू थू केलं, दृष्ट काढली आणि डिंकाचा एक थेंब तिच्या तोंडात घातला. मग माझ्याकडे वळल्या. "तूसुद्धा चघळत नाहीस हल्ली."

"कामाच्या वेळी घेईन," मी म्हणाले. चक्क एकही शिंतोडा न उडता. विजय जवळ आलाय असं मला वाटलं.

शूटिंगच्या दिवशी सकाळी मी एकच शहाणपणा केला, आणि तोच नडला. तार जिभेला टोचू नये म्हणून डॉक्टरांनी मेण दिलं होतं, वाटाण्याएवढं लावायचं. मी अख्खी डबी लावली. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. तोंडात गुळगुळीत संगमरवर झाला. आरशासमोर "खिओस बेटाच्या मस्तिहाने" म्हणून बघितलं. घंटेसारखं स्वच्छ.

टीव्हीवाली मुलगी दनाई, हातात माइक, पायात पांढरे बूट, जे गावातल्या चिखलात दहा मिनिटांत गावचे झाले. टेबलाभोवती अकरा बायका सणाच्या कपड्यांत. मध्ये मी, मांडीवर पोलिक्सेनी. सासूबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या, हात माझ्या खांद्यावर. तो हात तिथे यापूर्वी कधी आला नव्हता.

"ताई, सुरुवात करू या," दनाई म्हणाली. "आधी थोडा डिंक चघळून दाखवा ना. चघळता चघळताच बोला. छान नैसर्गिक वाटेल."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पहिल्या प्रतीच्या ढिगातून पाच थेंब निवडले, दिव्याकडे धरून एकेक तपासला आणि माझ्या तळहातावर ठेवला. अकरा बायका बघत होत्या. कॅमेरा बघत होता. घसा बसल्याची खूण आता चालणार नव्हती. एका थेंबाने काय होणार आहे, असा मी विचार केला आणि पाचही तोंडात टाकले.

मस्तिहा सुरुवातीला वाळूसारखा कुरकुरतो. मग त्याला ऊब मिळते आणि तो गोळा होतो. माझ्या तोंडात ऊब होती, आणि मेणही होतं. डिंकाला मेण भेटलं, मेणाला तार भेटली आणि तिघांनी मिळून बि‍ऱ्हाड केलं. चौथ्यांदा चावले तेव्हा वरचा जबडा खालच्या जबड्यावर बसला आणि उठेना.

"तर ताई, दातांचं रहस्य काय?"

"मम्," मी म्हणाले.

दनाई थांबली. मी डोळ्यांनी हसले.

"बघा, चव अशी की बोलवत नाही तिला," सासूबाई मागून म्हणाल्या. खांद्यावरचा हात जरा जड झाला.

"तुम्ही लहानपणापासून चघळता?"

"म्म्म्."

"विचार करतेय," कल्लिरोई मावशी कॅमेऱ्याला म्हणाल्या. "आमची मिर्सिनी विचार करून बोलते."

मिनिट गेलं. मी विचार करत राहिले. माझ्या नाकातून शिट्टी वाजायला लागली, गालांच्या शिरा ताठ झाल्या, आणि पोलिक्सेनीने माझ्या तोंडाकडे नीट बघून, स्वच्छ, कोरड्या, बिनचूक शब्दांत जाहीर केलं, "आईचं तोंड चिकटलं."

शब्द क्रमांक एकशे तेरा ते एकशे पंधरा. वहीत मी ते नंतर लिहिले. त्या क्षणी मात्र कल्लिरोई मावशी उठल्या. "मेली गुदमरेल. बर्फ आणा."

बर्फ नव्हता. सासूबाईंच्या फ्रीझरमधून मटारची पिशवी आली आणि दोन्ही गालांवर बांधली गेली. गार झालं की डिंक ठिसूळ होतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाच मिनिटांनी 'कट्' असा आवाज झाला आणि जबडा बोटभर उघडला. सासूबाईंनी चष्मा चढवला, टेबलावरचा दिवा माझ्या तोंडासमोर ओढला आणि आत डोकावल्या.

"खडे आहेत आत," त्या म्हणाल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं, की ते खडे नाहीत.

त्यांनी फक्त हात पुढे केला, आणि कुणीतरी त्यात सुरी ठेवली. वर्षानुवर्षं जे हात डिंकातून माती काढत आले, ते हात आता मातीतून डिंक काढायला लागले. माती म्हणजे मी. वरचा भाग सासूबाईंकडे, खालचा मावशींकडे, दोघी दिवा धरायला, एक तेलाची वाटी घेऊन, एक निघालेले तुकडे गोळा करायला बशी घेऊन. एकाही सुरीचं टोक हिरडीला लागलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. बशी भरली तशी सासूबाईंनी सवयीने एक तुकडा दिव्याकडे धरला.

"दुसरी प्रत," त्या म्हणाल्या आणि त्या ढिगात टाकला.

कॅमेरा चालूच होता.

"काकू," दनाईने हळूच विचारलं, "ताईंच्या दातांना ही तार कशासाठी?"

 सासूबाई सरळ उभ्या राहिल्या. एप्रनला हात पुसले. आठ महिन्यांची पत्रं, पाकिटावरची ओळ, अकरा बायकांची अब्रू, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मग त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या, "ही ना? ही शहरातली आहे. आमच्याकडे पाहुणी आलीये."

मांडीवर पोलिक्सेनी होती म्हणून मी रडले नाही. आणि गालांवर मटार होते.

त्यानंतर मी बोलू शकत होते, तर कुणी ऐकायला नव्हतं. टेबलाभोवती जागा माझी टोकाची झाली. बेकरीवाल्याने पाव देताना विचारलं, "शहरात मऊच खात असतील ना?" सासूबाई रानभाजी पाठवत होत्या, पण बारीक चिरून, निरोपाशिवाय. ती बारीक चिरलेली भाजी माझ्या मनाला जास्त लागली. रागावून कुणी इतकं बारीक चिरत नाही, असं सिदेरिस म्हणाला. मी म्हटलं, तुला काय कळतं.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या घरी, पडदे ओढून बघितला. तीन मिनिटांचा होता. कुणी काय म्हणालं ते सगळं कापलेलं. नुसतं संगीत, दिव्याचा उजेड, अकरा बायका वाकून एका बाईच्या तोंडात बारीक सुऱ्यांनी काहीतरी नाजूक काम करताहेत, आणि वरून गंभीर पुरुषी आवाज: "या गावात आजही, जुन्या प्रथेनुसार, घरातल्या बायका सुनेचे दात मस्तिहाने स्वतः घडवतात."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. थेस्सालोनिकीहून, पात्रासहून, एक तर जर्मनीहून. पाकिटं संपली. लोक विचारत होते, प्रथा कितीशे वर्षांची?

"माझ्या पणजीच्याही आधीची," सासूबाईंना फोनवर सांगताना मी जिन्यातून ऐकलं. थोड्या वेळाने: "ती सून? नाही हो. ती बाहेरची."

दहा दिवसांनी मी पुन्हा खोराला गेले. सुरीकामात तार धरून ठेवणाऱ्या दोन कड्या निसटल्या होत्या. सिदेरिसने मला दवाखान्याच्या दारात सोडलं. मी जिना चढले, बाहेरच्या खोलीचं दार उघडलं आणि तिथेच थबकले.

भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर डिंक साफ करताना टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या दोघी बसल्या होत्या, एकीच्या शेजारी तिची तेरा वर्षांची नात. दोघींनी एकच मासिक तोंडासमोर धरलं होतं. त्यांच्या पलीकडे कल्लिरोई मावशी. आणि अगदी कोपऱ्यात, डोक्यावरून रुमाल कपाळापर्यंत ओढून, माझ्या सासूबाई.

"आई?"

"पायाच्या डॉक्टरकडे आले होते," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तिथे गर्दी होती."

"मीही पायाच्याच," मावशी म्हणाल्या. "डावा."

मासिकामागच्या दोघींचं पायाचं काही ठरलं नव्हतं. त्यांनी मासिक आणखी वर धरलं.

आतून परिचारिका आली, हातात कागद. "दियामान्तोबाई कोण? पहिल्यांदाच ना? आतल्या बाजूची तार हवी, कुणाला दिसली नाही पाहिजे, असं फोनवर म्हणाला होतात."

सासूबाई उठल्या. रुमाल मागे सारला. खोलीत कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. त्यांनी पर्स माझ्या हातात दिली आणि आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं, मावशींच्या आणि त्या दोघींच्या मधल्या.

"उभी काय राहिलीस दारात, मिर्सिनी? बस तिथे. आपल्या माणसांत बस." दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "आणि बाहेरच्या कुणाजवळ ब्र काढलास तर बघ."

मी बसले. मावशींनी सरकून जागा दिली. गावात मी आजपर्यंत एका शब्दाने कुणाला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्हाला सांगितलं, पण तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही काय, शहरातले.